गाईडचा एच-इंडेक्स २७ आहे म्हणे, मग जाऊ का? ऑरगॅनिकवाल्यांचं पब्लिकेशन रेकॉर्ड असं वाचा

मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी टाकून झालेलं, आणि माझी भाची मोबाईल घेऊन आली. एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री नुकतंच संपलंय तिचं. म्हणे, "मामा, या सरांचा एच-इंडेक्स सत्तावीस आहे न त्या मॅडमचा अकरा. मग सरांकडेच जाते ना पीएचडीला?"

मी म्हटलं, बाप्पा, चपलेचा नंबर पाहून माणूस निवडून राहिली का तू?

मग दोन तास बसलो आम्ही लॅपटॉप घेऊन. सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ, न एच-इंडेक्स म्हणजे त्यावरून काढलेला आकडा, कसा ते पुढं येईलच. दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं, म्हणून जे तिला दाखवलं तेच इथं लिहून ठेवतो. मी काही सायटेशनचा तज्ज्ञ वगैरे नाही, एका कॉलेजात ऑरगॅनिक शिकवतो, पण प्रमोशनच्या फायली भरून भरून हे सगळे आकडे कुठून येतात न कुठं फसवतात ते चांगलंच कळलंय.

सगळ्यात आधी, माणूस तोच आहे का ते बघा. हसू नका. आपल्याकडे आडनाव पाटील, देशमुख, मेश्राम, वानखेडे, आणि पेपरवर नुसतं एस. पाटील. एस. पाटील किती असतील विदर्भातच? त्यात कोणी वडिलांचं नाव मध्ये लावतं कोणी नाही, मॅडम लोकांची लग्नाआधीची न नंतरची अशी दोन आडनावं, कधी आडनाव आधी कधी शेवटी. गूगल स्कॉलर म्हणजे पेपर न सायटेशन शोधायची गूगलची साइट, तिथल्या प्रोफाइलमध्ये नवे पेपर आपोआप जोडायची सोय असते आणि बहुतेक लोक ती चालू करून विसरून जातात. मी एका प्रोफाइलमध्ये डायहायड्रोपायरिमिडीन नावाच्या ऑरगॅनिक रेणूच्या पेपरखाली कपाशीच्या बोंडअळीवरचा पेपर पाहिलाय, तोही चांगला दीडशे सायटेशनवाला! त्या माणसानं मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी, पण आकडा तर फुगलाच ना. म्हणून ऑर्किड आयडी शोधा, तो प्रत्येक संशोधकाच्या ओळखीचा सोळा आकडी नंबर, २०१२ पासून सुरू आहे आणि फुकट आहे. किंवा यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या विद्वान पोर्टलवर बघा, आपल्या विद्यापीठांतले बरेच प्राध्यापक तिथं सापडतात. तिथली यादी न स्कॉलरची यादी शेजारी शेजारी ठेवा, शीर्षकं वाचत जा. दहा मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्यात परका माल बाजूला निघतो.

दुसरी गोष्ट, आकडा कोणाच्या काट्यावरचा आहे ते विचारा. नागपूरच्या कळमना बाजारात संत्री विकताना व्यापाऱ्याचा काटा वेगळा न आपला वेगळा असं होतं ना, तसंच. गूगल स्कॉलर सगळंच मोजतं, जर्नल, थिसिस, कॉन्फरन्सचं पुस्तक, पेटंट, कुठल्या तरी वेबसाइटवर पडलेली पीडीएफ. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशनचे दुसरे दोन डेटाबेस निवडक जर्नलंच मोजतात. त्यामुळं एकाच माणसाचा स्कॉलरवर २७, स्कोपसवर २१ असं सहज होतं, त्यात चोरी काही नाही. चूक होते ती तुलनेत. भाचीनं तेच केलं होतं, सरांचा आकडा घेतला स्कॉलरवरून न मॅडमचा स्कोपसवरून. दोघांचाही स्कॉलरवर बघितला तर मॅडमचा अकराचा चौदा झाला. स्कोपसला पैसे लागतात असं सगळ्यांना वाटतं, पण ऑथर सर्च लॉगिन न करताही चालतो, नाव न संस्था टाका, पेपरांची संख्या न एच-इंडेक्स दिसतो. तेवढं पुरे.

आता एच-इंडेक्स म्हणजे काय ते एकदा हातानं करून बघा, नाहीतर जन्मभर नुसता आकडाच दिसत राहील. जॉर्ज हर्श म्हणून फिजिक्सवाले आहेत कॅलिफोर्नियात, त्यांनी २००५ मध्ये ही युक्ती काढली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे, एक दोन तीन असे नंबर द्यायचे, आणि जिथपर्यंत सायटेशन त्या नंबराइतकी किंवा जास्त आहेत तिथला शेवटचा नंबर म्हणजे एच.

दुसऱ्याचं कशाला, माझंच उदाहरण घेतो, लाज कसली. माझे पेपर बारा. सायटेशन अशी: ८४, ४१, ३३, १९, १२, ९, ९, ७, ६, ३, २ आणि शेवटचा बिचारा ०. सातव्या नंबरच्या पेपरला ९ आहेत, चालतं. आठव्याला ७, म्हणजे आठपेक्षा कमी, संपलं. एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर पाच, म्हणून आय-टेन ५. एकूण सायटेशन २२५. फायलीत लिहिताना मी सरासरी लिहितो, पेपरमागे १८.७५, छान दिसते. पण त्या सरासरीच्या वर माझे बारापैकी चारच पेपर आहेत.

आता गंमत बघा. तो ८४ वाला रिव्ह्यू आहे, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारा लेख, माझ्या गाईडसोबत लिहिलेला, खरं सांगायचं तर त्यात माझं काम म्हणजे रेफरन्स गोळा करणं न स्ट्रक्चर काढणं. तो यादीतून काढून टाका. एकूण सायटेशन २२५ वरून थेट १४१ वर येतात, आणि एच-इंडेक्स? तो सातचा सातच. करून बघा पाहिजे तर. माझा सगळ्यात मोठा पेपर गेला तरी एच हलत नाही.

उलटं करा. तो ८४ वाला राहू द्या, आणि मधले चार पेपर बघा, ९, ९, ७ आणि ६ वाले. त्या प्रत्येकात चार चार सायटेशन माझीच आहेत, म्हणजे पुढच्या पेपरात मीच मागच्याला सायट केलं. ही सोळा काढली तर एकूण २०९ उरतात, जेमतेम सात टक्के घट, पण एच-इंडेक्स सातवरून पाचवर! भाचीनं वहीत दोनदा मोजलं, तिला खरं वाटेना. एच-इंडेक्सचा जीव असतो मधल्या काठावरच्या पेपरांत. वरच्या मोठ्या पेपरांना तो ओळखत नाही न खालच्यांना मोजत नाही, आणि ज्याला आकडा वाढवायचाय तो नेमका त्या काठावरच्या पेपरांनाच स्वतः दोन दोन सायटेशन देत बसतो.

स्वतःला सायट करणं गुन्हा नाही हं. तीन टप्प्यांचं सिंथेसिस, म्हणजे रेणू बनवणं, असेल न पहिला टप्पा मागच्या पेपरात छापला असेल तर तो सायट करावाच लागतो, नाहीतर पेपर तपासणारा रिव्ह्यूअरच विचारेल. प्रमाण बघायचं. स्कॉलरवर पेपरखालच्या सायटेड बायवर क्लिक करा, मग वर 'सायटिंग आर्टिकल्सच्या आत शोधा' अशी एक चौकट येते त्यावर टिक करा न सर्चमध्ये ऑथर कोलन लावून त्याच माणसाचं आडनाव टाका. किती निघतात ते मोजा. एच-इंडेक्सच्या काठावरचे पाच-सहा पेपर तपासले तरी अंदाज येतो. पाटील असतील तर पुन्हा तोच घोळ, एस. पाटील भलताच निघू शकतो, तिथं शीर्षक वाचावं लागतं.

आणि वय बघा. हर्श यांनीच सांगितलंय की एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागा, एक आला तर माणूस चांगलं काम करून राहिला असं समजा. हे त्यांनी फिजिक्ससाठी म्हटलं होतं, आपल्याकडं तसंच्या तसं लावू नका, पण दोन माणसांची तुलना करायला बरं पडतं. माझा पहिला पेपर २०११ चा, सात भागिले चौदा, अर्धा. त्या सरांचा पहिला पेपर निघाला १९९४ चा, मॅडमचा २०१३ चा. सत्तावीसला एकतीसनं भागलं न चौदाला बारानं भागलं, तेव्हा भाची पहिल्यांदा गप्प बसली.

आता ऑरगॅनिकची खास गोष्ट, जी फिजिक्स किंवा बायोवाल्याला सांगितली तर पटत नाही. आपल्यात कोणत्या जातीचा पेपर आहे यावर सायटेशन ठरतात, किती मेहनत आहे यावर नाही. एखाद्यानं वीस-पंचवीस टप्प्यांचं टोटल सिंथेसिस केलं, म्हणजे एखादं नैसर्गिक रसायन लॅबमध्ये साध्या रसायनांपासून बनवलं, पाच वर्षं गेली, दोन पोरांच्या पीएचड्या त्यात संपल्या, त्याला पंधरा सायटेशन मिळतील. कारण तेच नैसर्गिक रसायन पुन्हा कोण बनवणार? आणि कोणी एक सोपी पद्धत काढली, एका भांड्यात सगळं टाका, तासाभरात नव्वद टक्के यील्ड म्हणजे माल, की तिला दोनशे. पद्धत सगळ्यांच्या कामाची असते म्हणून. उदाहरण म्हणजे फ्लॅश कॉलम, मिश्रणातली रसायनं वेगळी करायची पद्धत. स्टिल, कान आणि मित्रा यांचा १९७८ चा जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला छोटासा पेपर, सिलिकाच्या कॉलमवर हवेचा दाब द्या न लवकर वेगळं करा एवढंच त्यात. त्याला हजारोंनी सायटेशन आहेत. तसाच गॉटलिब आणि मंडळींचा १९९७ चा पेपर, एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या तपासणीत, सॉल्व्हंटच्या अशुद्धीचे पीक कुठं दिसतात त्याचे तक्ते. नवा एकही रेणू नाही त्यात, पण प्रत्येक लॅबच्या भिंतीवर त्याची झेरॉक्स चिकटवलेली असते, कडेला कोणीतरी पेननं इथाइल अॅसिटेटला गोल केलेला.

रिव्ह्यूचं तर विचारूच नका. सुझुकी कपलिंग म्हणजे कार्बनला कार्बन जोडायची रिअॅक्शन, तिचा मूळ पेपर १९७९ चा, पण लोक सायट करतात तो मियाउरा आणि सुझुकी यांचा १९९५ चा केमिकल रिव्ह्यूजमधला लेख, मूळ पेपरपेक्षा कितीतरी जास्त. २०१० चं नोबेल मिळालं ते शोधासाठी, सायटेशन गेली रिव्ह्यूला. म्हणून यादी बघताना रिव्ह्यू न मूळ काम असे दोन रंग करा. पहिल्या दहात सात रिव्ह्यू असतील तर सरांचं वाचन दांडगं आहे असं म्हणा, हात कसा आहे ते अजून कळायचंय.

आणखी एक. काही काम इतकं मुरतं की त्याला कोणी सायटच करत नाही. ग्रिन्यार रिअॅक्शन काढणाऱ्या ग्रिन्यार यांचा पेपर १९०० चा, नोबेल १९१२ चं, आज रोज हजार लोक ग्रिन्यार करतात न नुसतं नाव लिहितात. आपल्या विदर्भातल्या लॅबांत चाल्कोन, फ्लेव्होन, क्रोमोन या रेणूंची मोठी परंपरा आहे, तिथं फ्लेव्होन बनवायची बेकर-वेंकटरमण रिअॅक्शन म्हणजे पोह्यावर तर्री, लागणारच. ते वेंकटरमण म्हणजे पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक. किती जण त्यांचा मूळ पेपर सायट करतात ते तुमच्या सिनिअरच्या थिसिसमध्येच उघडून बघा.

आणि पेपरला जोडलेल्या सप्लिमेंटरी फाइलची रड वेगळीच. ऑरगॅनिकमध्ये खरी कृती, कोणता इंटरमीडिएट कोणाच्या पद्धतीनं बनवला, हे सगळं सपोर्टिंग इन्फर्मेशनच्या पीडीएफमध्ये जातं, आणि तिथले रेफरन्स स्कोपस न वेब ऑफ सायन्समध्ये सहसा मोजलेच जात नाहीत. म्हणजे तुमची प्रोसिजर वापरून कोणी पन्नास ग्रॅम माल बनवला तरी तुमच्या खात्यात शून्य.

याउलट विषय थोडा सरकवला की आकडे पळतात. त्याच ऑरगॅनिकवाल्यानं पाण्यातला रंग शोषणाऱ्या कोळशावर एक पेपर लिहिला किंवा संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा खाद्यपदार्थांशी संबंध लावला की सायट करणारे पर्यावरणवाले, फूडवाले, शेतीवाले सगळे येतात. वाईट काहीच नाही, नागपुरात बसून संत्र्याच्या सालीवर काम नाही करायचं तर कुठं करायचं. पण तुम्हाला जर सिंथेसिस शिकायचंय न सरांची सगळी सायटेशन कोळशाची आहेत, तर आधीच समजलेलं बरं.

जर्नलचं थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक फार वेळ घालवतात. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. ऑरगॅनिकमधली चांगली चांगली जर्नलं दिसायला गरीब आहेत, जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री (जेओसी) तीन-चारच्या घरात, ऑर्गॅनिक लेटर्स पाचच्या आसपास, आणि केमिकल रिव्ह्यूज पन्नासच्या वर, कारण ते रिव्ह्यूचंच जर्नल. तेव्हा जेओसीतला पेपर म्हणून नाक मुरडणाऱ्याला ऑरगॅनिक कळत नाही असं खुशाल समजा. टेट्राहेड्रॉन लेटर्स, सिनलेट, ऑर्गॅनिक अँड बायोमॉलिक्युलर केमिस्ट्री, आपलं इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री, हे सगळे भरवशाचे पत्ते.

भीती आहे ती पैसे घेऊन छापणाऱ्यांची. मी पण फसलोय. पीएचडीच्या घाईत होतो, तीन हजार रुपये भरले, चार दिवसांत अॅक्सेप्ट झाला, रिव्ह्यूअरनं एक स्पेलिंगसुद्धा दुरुस्त केलं नव्हतं. तेव्हा पेढे वाटले मी डिपार्टमेंटमध्ये. आज त्या जर्नलची वेबसाइट उघडतच नाही, आणि वर जो शून्यवाला पेपर सांगितला तो हाच. ओपन अॅक्सेस म्हणजे बोगस असं नाही, चांगली जर्नलंही पैसे घेतात, पण चार दिवसांत अॅक्सेप्ट झालं की समजून जायचं. पूर्वी यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, दाखवून भांडता यायचं, ती २०२५ मध्ये यूजीसीनंच बंद केली, आता प्रत्येक संस्थेनं आपलं आपण ठरवायचंय. म्हणून तुम्हीच बघा: संपादक मंडळातले लोक खरे आहेत का, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) उघडतो का, आणि पेपरसोबत एनएमआरचे स्पेक्ट्रम जोडलेत का. स्पेक्ट्रम नसलेला सिंथेसिसचा पेपर म्हणजे बिल नसलेला दागिना.

पेपर उघडायला पैसे लागतात ही तक्रार बरीच कमी झालीय. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालीय, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नलं सरकारी संस्थांना मिळतात. खासगी कॉलेजात असाल तर सरकारी संस्थेतला मित्र पकडा, दोन समोशांत काम होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं न जे कोणीच बघत नाही. लेखकांचा क्रम. आपल्या विषयात सहसा पहिलं नाव ज्या पोरानं भांडी घासून काम केलं त्याचं न शेवटचं, ताऱ्याचं नाव गाईडचं. तारा म्हणजे पेपरबद्दल ज्याला पत्र लिहायचं तो जबाबदार लेखक. स्कॉलरच्या यादीत तारा दिसत नाही, पीडीएफच उघडावी लागते. आम्ही त्या सरांचे शेवटच्या पाच वर्षांतले सगळे पेपर उघडले. बावीस होते. तारा फक्त चारवर. बाकी अठरांत मधलं कुठलं तरी नाव, सहावं, आठवं, दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या ग्रुपसोबत. कोलॅबोरेशन चांगलं असतं, त्यांनी कॉम्प्युटरवर डॉकिंग (रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते बघणं) करून दिलं असेल, एखादा रेणू बनवून दिला असेल, पण तुम्ही ज्या लॅबमध्ये पाच वर्षं उभे राहणार तिथून काय निघतं ते त्या चारमध्येच आहे. मॅडमचे त्याच काळात नऊ पेपर, आठवर तारा.

मग पहिली नावं एका कागदावर लिहून काढा. तेच तेच नाव पुन्हा येतं का, दर पोरामागे किती पेपर, मधेच एखादं नाव गायब होतं का. नंतर शोधगंगा या थिसिसच्या पोर्टलवर जा, गाईडचं नाव टाका न थिसिस किती जमा झाल्या, रजिस्ट्रेशनपासून किती वर्षांनी, ते मिळवून बघा. मॅडमकडून तीनच थिसिस निघाल्या होत्या, पण तिन्ही पोरींची नावं पेपरांवर पहिली. सरांच्या चौदा थिसिस, आणि त्यातल्या पाच पोरांचं नाव एकाही पेपरवर मला पहिलं सापडलं नाही. का ते मला माहीत नाही, तिला म्हटलं हे त्यांनाच विचारायचं, पण नीट, भांडायच्या सुरात नाही.

पबपीअर (छापलेल्या पेपरांवर शंका मांडायची साइट) न रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या पेपरांचा डेटाबेस पण एकदा बघून घ्या. एकच स्पेक्ट्रम दोन वेगळ्या रेणूंना लावलाय असं लोक तिथं पकडतात, बेसलाइनवरची बारीक खरखरसुद्धा तशीच्या तशी. एखादी तक्रार दिसली म्हणून माणूस वाईट ठरत नाही, त्यानं उत्तर दिलंय का ते वाचा.

आणि ते टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीचं दरवर्षी वर्तमानपत्रात येतं न कॉलेजच्या गेटवर बॅनर लागतो, त्यात दोन याद्या असतात हे लक्षात ठेवा, एक आख्ख्या कारकिर्दीची न एक फक्त एका वर्षाची. बॅनरवर ते लिहिलेलं नसतं. ती यादी नुसत्या एच-इंडेक्सवर नाही, पहिल्या, शेवटच्या न एकट्यानं लिहिलेल्या पेपरांचाही हिशोब त्यात धरतात, आणि स्वतःची सायटेशन वगळून काय होतं तेही दिलेलं असतं. एक्सेल फाइल फुकट डाउनलोड होते, स्वतःच उघडून बघा.

एवढं झाल्यावर भाची म्हणे, "म्हणजे मॅडमकडेच जाऊ ना?" मी म्हटलं, पुन्हा तेच काहून करून राहिली तू, आता जाऊन दोन्ही लॅब बघ. कागदावरचं झालं. लॅबमध्ये गेलीस की सरांशी बोलायच्या आधी बाहेर चहाच्या टपरीवर जे पोरं उभे असतात त्यांना विचार, एनएमआर कुठं करता? बऱ्याच लॅब सॅम्पल बाहेर पाठवतात, चंदीगडच्या, लखनौच्या, मुंबई आयआयटीच्या सैफला (मोठ्या तपासणी मशीनींच्या केंद्राला), आणि रिपोर्ट यायला किती दिवस लागतात न पैसे कोण भरतं यावर तुझा पहिला पेपर कोणत्या वर्षी निघेल ते ठरतं. आणि मे मध्येच जा. डायक्लोरोमिथेन चाळीसला उकळतं न ईथर पस्तिसच्या आतच, आपल्याकडे दुपारी लॅबचं तापमानच तेवढं असतं. वाफा ओढणारा हूड चालू आहे का, पाणी थंड करणारा चिलर आहे का, की पोरं सॉल्व्हंट उडवायच्या रोटाव्हॅपला बर्फाच्या लाद्या आणून घालून राहिले, ते डोळ्यांनी बघून ये.

गुरुवारी गेली होती ती. मॅडमच्या लॅबमध्ये बर्फाच्या लाद्या निघाल्या, सरांकडे नवा कोरा चिलर. आता पुन्हा विचारात पडलीय.